निरोप घेतला आणि रुजू झालो

धुळे,
रविवार, ५ जून १९८८

तीर्थस्वरूप भटूनाना यांना धाकट्या गिरधरचा डोके टेकून नमस्कार. (डोके सध्या खरोखरच टेकलेले आहे, पण टेबलावर. कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत, वहिनींचा गुडघा आणि नव्या जोडीतला डावा बैल, तिघेही बरे असतील अशी आशा करतो. पेरणीच्या तोंडावर तुम्हांला एवढे लांब पत्र वाचायला लावणे बरे नव्हे, हे कळते. पण नाना, रागावू नका, या साऱ्या भानगडीचे मूळ तुम्हीच आहात.

सन छत्तीसच्या जूनमध्ये आबांनी मला तुमच्याबरोबर शाळेत नाव घालायला पाठवले. मास्तरांची परीक्षा एकच होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचे झाले. माझा हात कानाच्या चार बोटे वरच अडकला. तेव्हा मास्तरांची पाठ वळताच तुम्ही माझा कान वर ओढून बोटांना लावलात. (तो कान आजही दुसऱ्यापेक्षा जरा लांब आहे, असे कलाबाई म्हणते. नवऱ्याच्या अवयवांबद्दल बायकोने किती बोलावे याला काही मर्यादा?) तुम्हांला शाळेच्या वाटेवर सोबत हवी होती, एवढेच कारण. मास्तरांनी त्या दिवशी आलेल्या तेराही पोरांची जन्मतारीख एक जून लिहिली आणि मी एका ओढीत सोळा महिन्यांनी मोठा झालो.

पुढे मी नोकरीला लागल्यावर तुम्हांला त्याची टोचणी लागली. पारोळ्याला खेटे घालून तुम्ही गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा, म्हणजे कोतवाल बुकाचा, उतारा काढून आणलात. त्यात माझा जन्म बारा ऑक्टोबर एकतीसचा निघाला. तुम्ही समोर बसून माझ्याकडून अर्ज लिहून घेतलात आणि तो वर गेला. उत्तर काही आले नाही. सरकारला नाही म्हणायचे असले की ते गप्प बसते, असे समजून मी गप्प बसलो. कागदपत्रांत जन्मतारीख एक जून तीसच राहिली आणि मी गेल्या मंगळवारी, एकतीस मे रोजी, अठ्ठावन्न पुरी करून रीतसर निवृत्त झालो.

निरोपसमारंभाला तुम्ही नव्हता हे एका अर्थी बरेच झाले. शाल, नारळ, टॉवेल-टोपी आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. भाषणे सात झाली. तेहतीस वर्षे मी कचेरीच्या टपालाची आवक-जावक सांभाळली, पण आपण इतके थोर आहोत हे मला त्याच दिवशी कळले. समोरच्या टेबलावरच्या पितांबर सोनवणेची तर कमाल झाली. हा मनुष्य अकरा वर्षे माझ्याशी बोलत नव्हता. त्याला खिडकी उघडी हवी असते, मला बंद, कारण वाऱ्याने माझी टपाले उडतात. तर हा पितांबर उठला, माझ्या गळ्यात पडला आणि माझी नवी शाल त्याने ओली केली. मीही विरघळलो. म्हटले, पितांबरभाऊ, उद्यापासून खिडकी सताड उघडी ठेव, तुला माझा आशीर्वाद आहे. माझी खुर्ची, माझे उशीचे आसन आणि शाईचे पेन मी भिकन देवरेला देऊन टाकले. हा भिकन वर्षभरापासून माझ्या जागेवर डोळा ठेवून होता.

इथवर ठीक होते. पण मग मला उत्तरादाखल बोलायला लावले. नाना, शेवटचा दिवस माणसाला फार धीट करतो. मी म्हणालो की, आमचे साहेब माणसांवर इतका विश्वास टाकतात की स्वतःच्या बदलीचा कागद ठेवला तरी न वाचता सही करतील. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. साहेबही हसले, कारण त्यांनाही तो माझा शेवटचा दिवस वाटत होता.

मग तीन दिवस मी घरी होतो. पहिल्या दिवशी कलाबाईने कौतुकाने शिरा केला. दुसऱ्या दिवशी ती काही सांगायला आली की मी सवयीने "विषय काय?" असे विचारतो, यावरून बोलाचाली झाली. तिसऱ्या दिवशी मी दहाच्या ठोक्याला बूट-मोजे चढवून ओट्यावर बसलो आणि बारापर्यंत बसून राहिलो. गल्लीतली माणसे विचारत होती, "भाऊसाहेब, कुठे निघालात?" मी म्हणत होतो, "हे काय, निघतोच आहे." खरे सांगायचे तर नाना, मला फार भीती वाटली. कुणी आजारी नाही, कुणाची चिंता नाही, दोन्ही पोरी चांगल्या घरी पडल्या आहेत. तरीही दुपारी कॉटवर पडल्यावर वाटले की, आता मी नसलो तर कुठले काम अडणार आहे? जाऊ द्या. हा मजकूर वहिनींना वाचून दाखवू नका.

शनिवारी सकाळी कचेरीतला शिपाई तोताराम सायकल दामटत आला आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडला, "भाऊसाहेब, चाला! तुमनं रिटायर व्हवानं रद्द हुई गयं!"

झाले होते असे. भिकनने जुन्या दप्तराचे लाल फडक्यांत बांधलेले बस्ते सोडले आणि त्यांतून एक कागद निघाला. तो सन बासष्टचा आदेश होता. आमचा अर्ज मंजूर झाला होता, नाना! जन्मतारीख बारा ऑक्टोबर एकतीस धरावी आणि सेवापुस्तकात तशी नोंद घ्यावी, असा साफ हुकूम. मग तो बस्त्यात कुणी कोंबला? कागदाच्या कोपऱ्यात शेरा आहे, "दप्तरी दाखल", आणि खाली सही आहे ती माझी. माझी पद्धत तुम्हांला ठाऊक नाही. आवकचा खरा कारकून टपाल वाचत नाही, तो फक्त विषय बघतो. वाचत बसला तर संध्याकाळपर्यंत निम्मेही उरकत नाही. विषय होता, "जन्मतारखेतील दुरुस्तीबाबत". असल्या दुरुस्त्यांशी आपल्या टेबलाचा काय संबंध, म्हणून मी तो दाखल करून टाकला. माझे नाव तिसऱ्या ओळीत होते. तेहतीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद गहाळ झाला नाही असे मंगळवारी सातही वक्त्यांनी सांगितले, आणि ते खरेच आहे. हाही गहाळ झाला नव्हता, नीट ठेवलेला होता.

आता मला एकतीस ऑक्टोबर एकोणनव्वदपर्यंत, म्हणजे चांगले सतरा महिने, परत जायचे आहे. साहेबांनी काल समोर उभे केले, आदेश हातात घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, शिक्क्यासकट, मोठ्याने वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. मी विचारले, शाल-घड्याळ परत करायचे का? ते म्हणाले, असा प्रसंग पूर्वी घडलेला नाही, वरून मार्गदर्शन मागवतो. (नारळाच्या वड्या झाल्या, हे मी अजून कळवलेले नाही.)

तर विनंती अशी की, तुम्ही पहिल्या एस.टी.ने या आणि साहेबांना सांगा की कोतवाल बुक चुकले, मास्तरांचेच बरोबर होते. घरातले वडीलधारे तुम्हीच, तुमचा शब्द कोण मोडणार? ज्यांनी मला गळ्यात पडून निरोप दिला त्यांच्या समोर डबा घेऊन पुन्हा जाऊन बसायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. मलाही काही अब्रू आहे.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
गिरधर

ता. क. (सोमवार रात्र) पाकीट चिकटवायचे राहिले होते, म्हणून चार ओळी लिहितो. आज फक्त तोंड दाखवायला गेलो होतो. भिकनने पाच दिवसांत आवकची टपाले जावकमध्ये चढवून ठेवली आहेत. जळगावहून आलेले पत्र त्याने परत जळगावलाच रवाना केले. खिडकी उघडी असल्याने काही कागद पंख्यावर जाऊन बसले आहेत. एवढे निस्तरून देतो आणि मग बघू. सध्या मी दाराजवळच्या स्टुलावर बसतो, आसनाशिवाय.

ता. ता. क. (गुरुवार) खिडकी बंद केली. पितांबरने बोलणे सोडले. खुर्ची परत मिळाली, पेन मात्र भिकन देत नाही. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका, पेरणी महत्त्वाची. आणि साहेबांचे पत्र तिकडे आलेच तर कोतवाल बुकच खरे म्हणून कळवा. तसेच शांतपणे जरा आठवून बघा, माझा जन्म त्याच्याही पुढच्या सालातला तर नाही ना? मला लहानपणापासूनच मी बत्तीसचा असावा असे वाटत आले आहे. आणखी एखादा उतारा निघत असेल तर येण्याजाण्याचे भाडे मी देईन.

(पाठीमागे, पेन्सिलीने)

नाना, पाया पडस. मी कला. पाकीट पोष्टात टाकाले माना हातमा दिधं, म्हनीसन लिखी ऱ्हायनू. अडतीस वरीसमा तुमना समोर कधी तोंड उघाडं नही, माफी करा. तो कागद भिकनले आपोआप सापडना नही. तुम्ही उतारा आणेल व्हता हाई माले याद व्हतं. तिसरा दिन त्यासले ओटावर तसं बठेल दखीसन माले ऱ्हावायनं नही. तोतारामना हाते मी भिकनले निरोप धाडा, "बठ्ठा जुना बस्ता सोडीसन दखा, त्यासना जलमतारखना कागद व्हई." त्यासले हाई सांगू नका. सतरा महिना तर निंघी जातीन. त्यानंतर तुम्ही त्यासले एक चिठ्ठी धाडजात. तुमना दोन पोरं शेतीमा कामले शेतस हाई माले माहीत शे, तरी लिखजात. "माले एकलाले शेती झेपस नही, तू ये", इतलंच लिखा. त्या पयलीच एष्टीमा बशीसन येतीन.