आमच्या घराची लिफ्ट

विट्स्के बहिणाबाई,

घरमालक होखेनसाहेब सकाळी येऊन गेले. भाडं कशासाठी वाढवताय असं विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या घराला लिफ्ट आहे."

मी जिन्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच शिडीइतका उभा होता. मग त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. ज्याला दोर लावून आपण तुझं कपाट वर ओढलं होतं ना, तो छपराखालचा लोखंडी आकडा म्हणजे लिफ्ट.

"अहो, असा आकडा या कालव्यावरच्या घराघराला आहे."

"मग सगळेच नशीबवान."

एवढं बोलून या माणसाने कॉफीबरोबर दुसरं बिस्किट उचललं. न विचारता. आपल्या आईने पाद्रीबुवांनासुद्धा कधी दुसरं दिलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, संध्याकाळी सहीला या, पण लिफ्टने या. वर पोचलात तर वाढीव भाडं, नाहीतर जुनंच. ते हसत हो म्हणाले. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं असावं.

मी दोर आणायला चाललोय. ते आधी आले, तर जिन्यावर पाऊल ठेवू देऊ नकोस आणि वजन विचारून ठेव.

तू झ्वोलेला आईकडे परत निघालीस, हे मला पलंगाखालच्या खोक्यांकडून कळलं. ती उघडून सगळं पुन्हा कपाटात लावलंय. जायचंच असेल, तर कपाट उतरवायला दोन माणसं लागतात, आणि मला वेळ नाही.

युरे