तोंड आलंय, नंतर बोलतो

४ सप्टेंबर
ठाण्याच्या लॅबची ऑफर आली! टेक्निशियन. एक ऑक्टोबरला जॉइन. ताईच्या नवऱ्याच्या दुकानात सात वर्षं स्टीलची भांडी विकली, बास झालं. उद्या दाजींना स्पष्ट सांगणार.

५ सप्टेंबर
तोंड आलं. जिभेखाली दोन फोड, ओठाच्या आत एक. दाजींनी विचारलं, काय रे पराग, गप्प का? हातानेच 'नंतर' म्हटलं.

८ सप्टेंबर
सुरुची म्हणते, टेन्शनने येतं. बायकोचं निदान! मी बी.एस्सी. झूलॉजी आहे. रिसर्च पेपर वाचला. टी-पेशी चवताळतात, टीएनएफ-अल्फा नावाचं प्रोटीन वाढतं, आणि आपलेच सैनिक आपलाच ओठ पोखरतात. शांत करणारं आयएल-टेन माझ्यात कमी असणार. जीन्स! म्हणजे दाजींशी बोलणं माझ्या हातातच नाही.

१४ सप्टेंबर
फोड गेले. सांगणारच होतो, तेवढ्यात एक गुजराती बाई कुकर घेऊन आली. "भैया, ये सीटी नहीं मारता." दुपारी सांगू म्हटलं. दुपारी जीभ चुरचुरली.

१९ सप्टेंबर
डॉक्टर मॅडमकडे. बी-ट्वेल्व्ह, आयर्न नॉर्मल. काही ताण आहे का, विचारलं. नाही म्हटलं. मीच टीएनएफचा विषय काढला. म्हणाल्या, "त्याचा संबंध असतो. पण ते कशाने भडकतं, ते तुम्हीच बघा." म्हणजे माझंच निदान बरोबर. लावायला जेल दिलं.

२४ सप्टेंबर
टूथपेस्ट बदलली. मिरची बंद. तरी नवे चार. लॅबमधून फोन: येताय ना? म्हटलं, तोंडाची अडचण आहे.

२८ सप्टेंबर
सुरुचीने घात केला. परस्पर ताईकडे जाऊन सगळं सांगून आली.
दाजींनी दुकानात बोलावलं.
"अरे वेड्या, बोलला का नाहीस? जा की! माझा पुतण्या कधीचा मागे लागलाय, त्याला घेतो."
पुतण्या. कधीचा.
तोंडात एकही फोड नव्हता. जीभ मस्त चालत होती. म्हणालो, "दाजी, धनत्रयोदशीपर्यंत तरी थांबतो. भांड्यांना गर्दी असते. तुमची पंचाईत होईल."
"नाही होणार," दाजी म्हणाले.
मी हट्टच धरला.

२९ सप्टेंबर
लॅबला नकार कळवला. सुरुची जेवायला आली नाही.