यंदा कुणाचंच कडू नाही

३ नोव्हेंबर

शी! गोडमिट्ट! ही जेन्झियानाची कडू दारू नव्हे, खोकल्याचं औषध!

डोंगरातलं जेन्झियानाचं कडूजहर मूळ चाळीस दिवस पांढऱ्या वाइनमध्ये मुरवायचं, गाळायचं, स्पिरिट आणि बेताची साखर घालायची – यात चुकायला जागा कुठंय? शेजारच्या फिलोमेनाला तोंडावर सांगितलं. म्हणते, "अरे नुन्झिओ, आमच्या ह्यांना तर एका घोटात ठसका लागला!" लागणारच. स्पिरिटचा.

५ नोव्हेंबर

आणखी तीन घरच्या बाटल्या चाखायला आल्या. तिन्ही थुंकल्या. पाक, नुसता पाक!

८ नोव्हेंबर

मेव्हणा आला. गौदेन्झिओ – औषधांचा दुकानदार, पदवीधर. "भाऊजी, बारा वर्षं झाली. जेन्झियानाच्या स्पर्धेतली परीक्षकाची खुर्ची आता शिकलेल्या माणसाला द्या की!"

माझी शाळा पाचवीत सुटली. पण मूळ कुठल्या उतारावरचं, ते मी डोळे मिटून सांगतो. गावच्या पंचांचंही त्याच्याशी संगनमत – यंदा माझी एक चूक निघाली, की खुर्ची त्याची. काढा म्हणावं!

११ नोव्हेंबर, सान मार्तिनोचा सण, स्पर्धेचा दिवस

सात बाटल्या, सातही लोकरी मोज्यांत झाकलेल्या, रिवाजाप्रमाणे – कुणाची कुठली ते कळू नये म्हणून. बर्फ नाही. दर घोटानंतर कोरडा पाव. त्यांत एक बाटली परीक्षकाच्या घरची असते, गुपचूप घातलेली – त्याची जीभ खरी की खोटी ते कळायला. मी ती दर वर्षी ओळखतो.

पहिली – सरबत. तिसरी – भांडी विसळलेलं पाणी. पाचवीनं तर अंगावर शहारा आला, किळसेचा! उठून सांगितलं, "हिच्या मालकानं मेंढरं राखावीत. मुळाला हात लावू नये."

मोजा काढला. बाटलीवरच्या चिठ्ठीवर माझंच अक्षर.

"भाऊजी, मेंढरं किती घेऊ?" – गौदेन्झिओ. अख्खा गाव पोट धरून हसला.

१२ नोव्हेंबर

बाटलीत कुणीतरी साखर ओतली! दुसरं काही असूच शकत नाही. बायकोला म्हटलं, "एर्सिलिया, हे तुझ्या भावाचंच काम." तिनं उरलेली बाटली हुंगली, एक थेंब जिभेवर ठेवला, माझ्याकडे बघत राहिली.

१३ नोव्हेंबर

दुपारी मसुराचं सूप. दोनदा मागून घेतलं. एर्सिलियाचा वाडगा तसाच. म्हणाली, "अहो, यात मी मूठभर मूळ उकळलंय."