ज्याची भाकर, त्याचा कुत्रा

माय, ओळखलंस का? नसशीलच ओळखलं. तू जिती होतीस तेव्हाच मला हाक मारायची तर आधी दोन्ही भावांची नावं घ्यायचीस, मग शेळीचं, आणि सगळ्यात शेवटी माझं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणजे मी शेळीच्याही मागे कुठेतरी पडले असेन. तर मी तुझी धाकटी. इचोड्याला दिलेली. तुझ्यासारखीच मलाही अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आहे आणि सून लिहून घेते आहे. ती किनवटकडची, मराठी शाळेत शिकलेली. माझी नातवंडं इथल्या तेलुगू शाळेत गेली, त्यांना हे वाचता येणार नाही, ते एका अर्थी बरंच. मी वाकडं बोलते आणि ती सरळ करून लिहिते. तेव्हा ही आपली पोरगी नव्हे असं म्हणू नकोस. माणसं जे बोलली ते मात्र जसंच्या तसं ठेव, असं तिला बजावलं आहे. तुला वाचून कोण दाखवेल याची मला काळजी नाही. इथून मास्तर लोकही तिकडे जातातच की.

सांगायचं असं की आमच्या घरी कुत्रा आहे. आपल्या शेतावर होता तसा नव्हे. हा नागपुराहून गाडीत बसून आला. माझ्या नातवाचं खाली मोबाईलचं दुकान आहे, वर आम्ही राहतो. त्याच्या कोण्या दोस्ताकडे असा कुत्रा होता, म्हणून यालाही पाहिजे झाला. पांढरा, केसाळ, निळ्या डोळ्यांचा. सून म्हणते हा बर्फाच्या मुलखातला. आता तूच सांग, आपल्याकडे वैशाखात गच्चीवर पापड टाकला तर तो उलटायला जाईपर्यंत वाळतो, तिथे बर्फाचा पाहुणा आणून ठेवायचा! त्याचं नाव इंग्रजी आहे, माझ्या बिनदाताच्या तोंडात ते बसत नाही. मी त्याला पावना म्हणते.

पावना लहान होता तेव्हा त्याच्यासाठी कूलर लागत होता. त्याला साबण निराळा, टॉवेल निराळा, बिस्किटं निराळी. गल्लीतली पोरं त्याच्यासोबत फोटो काढायला रांगेत उभी राहत. मला कोणी विचारत नव्हतं, पण त्याला मात्र आल्या-गेल्यानं विचारावं, "पावन्यानं जेवण केलं का?" मग तो वाढला. सोफ्यावर, ताटात, देवाच्या पाटावर केस पडायला लागले. भुंकायला लागला, खोलीत वास यायला लागला. नातवाचं लगीन ठरत होतं, पाहुणे यायचे होते. एक दिवस त्याला गच्चीवर नेलं, टिनाच्या पत्र्याखाली, आखूड साखळीनं. दोन-चार दिवसांसाठी म्हणाले. लगीन होऊन नातसून घरात रुळली, तरी ते दोन-चार दिवस काही संपले नाहीत. ढाब्यावरची उरलेली बिर्याणी त्याला वर नेऊन टाकायचे. पाणी सकाळी भरलं तर दुपारपर्यंत त्याची वाफ. लशीची पहिली सुई नागपुरातच टोचली होती, पुढच्यांचं विचारलं की नातू म्हणे, "टोचू ना आजी, घाई काय हाय?" माझे गुडघे मला गच्ची चढू देत नाहीत. मी खालून त्याची साखळी ऐकायची. सरकते आहे, सरकते आहे, थांबली. थांबली की मला बरं वाटायचं नाही.

तेव्हा मला तुझी चूल आठवायची. तू शेवटची भाकर जाडी थापायचीस, बिनमिठाची, आणि निखाऱ्यावर जास्त वेळ ठेवायचीस. ती कुत्र्याची. एकदा ती द्यायला तू मला पाठवलंस. मी भ्याले, लांबूनच फेकली. तू चुलीपासून उठून आलीस, हाताला पीठ तसंच. "पावन्याले भाकर अशी फेकतं का कोनी?" म्हणालीस. ती उचललीस, माती झाडलीस, मोडून त्याच्यापुढे ठेवलीस आणि तो खाईस्तोवर तिथेच उकिडवी बसलीस. मला म्हणालीस, "खाताना त्याच्याकडं पाह्य. मान कोनत्या अंगानं वाकवते, दुखते कुठं, ते त्याच येळेले समजते. त्याले काय तोंड हाय सांगाले?" संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानातले गोचीड काढायचीस. मला किळस यायची. मग त्याच हातानं तू मला घास भरवायचीस, तेव्हा अजूनच यायची.

तरी तुझाही कुत्रा चावलाच की. उटनूरच्या रस्त्यानं कासारीण यायची, बांगड्यांचं ओझं घेऊन, तिच्या दंडाला त्यानं धरलं होतं. गाव गोळा झालं. आपल्या गावाची रीतच होती, ज्याची भाकर त्याचा कुत्रा, आणि ज्याचा कुत्रा त्यानं चावलेल्या माणसाचं काम ओढायचं, बरं होईस्तोवर. म्हाताऱ्या म्हणाल्या, हिला सात विहिरी दाखवा, पाण्यात तोंड पाहिलं की विष उतरतं. तू कासारणीला घेऊन साती विहिरींवर गेलीस, मी मागे मागे. आणि सातवी विहीर झाल्याबरोबर तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलंस, पोटात सुया द्यायला. बाबा म्हणाले, "दवाखान्यातच न्यायचं होतं तं इहिरी काऊन फिरली?" तू म्हणालीस, "इहिरी लोकाईसाठी, सुया तिच्यासाठी." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

आणि मग तू बांगड्यांचं ओझं डोक्यावर घेतलंस. गावोगाव तू पुढे, कासारीण गळ्यात हात बांधून मागे, शिव्या देत. तुझ्या हाताला खुरप्याची सवय. बांगडी भरायची म्हणजे हात कसा चोळून, अंगठा दाबून, हळूच सरकवायचा असतो, ते तुला कुठलं जमायला! घालायच्या कमी, फुटायच्या जास्त. एक बाई किंचाळली, "वं माय, बांगडी भरून राह्यली का बैलाले वेसन?" कासारीण आधी रागानं लाल झाली आणि मग इतकी हसली की ओझ्याशेजारीच बसली. घरी कुत्र्याला सगळे मारा म्हणत होते. तू त्याला बाभळीला बांधलंस, रोज त्याच्यापुढे पाणी ठेवून तो पितो का ते पाहिलंस. तेव्हा तुला सापडलं, त्याचा कान आतून सडला होता. कासारणीचं ओझं त्या कानाला लागलं होतं. तू चुलीपुढे बसून म्हणालीस, "मी चार दिस पाह्यलं नाई त्याच्याकडं." बस, एवढंच.

आमचा पावनाही असाच चावला. मी दारात बसून लसूण सोलत होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. भाजीवाली रोजच्यासारखी आली. ती तेलुगूवाली, माझ्याशी मात्र मराठी बोलते, बाजारात रस्त्याच्या कडेला बसते आणि बसायच्या आधी आमच्या घरी भाजी देऊन जाते. टोपली उतरवून ती कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. वर साखळीचा खिळा निघाला असावा. पावना जिन्यावरून धडपडत आला आणि सरळ टोपलीत तोंड घातलं. भाजी नव्हता खात तो, माय. पानांवरचं पाणी चाटत होता. तिनं त्याला मानेला धरून ढकललं, आणि मानेला पट्ट्याखाली जखम होती. त्यानं तिच्या उजव्या हाताचा लचका तोडला.

सुनेनं तिचा हात नळाखाली धरून साबणानं किती वेळ धुतला. सरकारी दवाखान्यात सुया सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, सुया सगळ्या घ्यायच्या, आणि कुत्रा आठ-दहा दिवस नजरेसमोर ठेवायचा. त्याला काही झालं तर लगेच कळवायचं. नातू म्हणाला, "तिनं हात काऊन लावला त्याले? मी खर्च देऊन टाकतो." भाजीवाली पायरीवर बसली होती, हात पांढरा गुंडाळलेला. म्हणाली, "पैशे राहू दे, बाबू. उद्यापासून वजन कोन करते? माझी जागा दुसरी बाई धरते ना."

पावन्याला पुन्हा वर नेऊन बांधलं, आणि संध्याकाळी नातू गाडीची किल्ली घेऊन आला. पावन्याला उटनूरच्या रस्त्यानं पुढे जंगलात सोडणार होता. "तिकडं मोकळा राहील, आजी. आपली बी झंझट मिटते." मला एका लग्नाहून येतानाचा ढाबा आठवला. आम्ही चहाला थांबलो होतो. तिथे एक मोठा तांबूस कुत्रा होता, गळ्यात पट्टा, अंगाची हाडं वर आलेली. जी गाडी थांबेल तिच्या दाराशी जायचा, दार उघडलं की आत डोकं घालून वास घ्यायचा, आणि परत येऊन बसायचा. पुढच्या गाडीला पुन्हा तेच. ढाब्यावाला म्हणाला, "नागपूर-हैदराबादवाले छोड के जाते हैं, अम्मा. महिने में एखाद तो आता ही है." तो चहा मी तसाच ठेवून उठले होते.

मी माझी खुर्ची उचलून जिन्याच्या तोंडाशी ठेवली आणि बसले. नातू म्हणाला, "आजी, सरक."

"सरकतो ना. पयले मले गाडीत बसव."

"तुले कायले?"

"मले बी जंगलात सोडून दे. माये बी केस गळून राह्यले. रातभर खोकलतो, खोलीत वास येते, पावने आले का मले बी मांगच्या खोलीत बसवता. सुया बी टोचायच्या राह्यल्याच असतील."

नातसून तोंडाला पदर लावून आत पळाली. नातू हसला नाही, चिडला. "मजाक नको करू, आजी. आनखी कोनाले चावला तं?"

"मंग सोड त्याले. अन् त्या बाईले जाऊन सांग, तुले चावला तो मेला का जिता हाय, पिसाळला का चांगला हाय, आमाले काई मालूम नाई. सांग तिच्या तोंडावर. ती इथंच बाजारात बसते, तुया दुकानासमोर."

त्यानं किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि तो वर गेला. बऱ्याच वेळानं खाली आला तेव्हा हातात पावन्याचा पट्टा होता, आतून ओला, रक्ताचा आणि पुवाचा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजी, एवढं असंल मले माईत नव्हतं." मी म्हटलं, "पट्टा तुयाच हातानं बांधला होता ना?" त्यापुढे मी काही बोलले नाही. तुझ्याकडून तेवढं शिकले आहे.

जनावरांचा डॉक्टर आला. नातू दाढीचं मशीन घेऊन त्याचे सगळे केस काढायला निघाला होता. डॉक्टर म्हणाला, कापू नका, तेच केस त्याला उन्हातून वाचवतात, नुसते विंचरा. पाणी, सावली, पंखा आणि पहाटेचं फिरणं. बिर्याणी बंद. आता पावना दुकानामागच्या गोदामात असतो, गार फरशीवर. दार बंद असतं, घरचीच माणसं जातात. रोज सकाळी आम्ही सगळे जाळीतून बघतो, तो पाणी पितो का. पितो, माय. लपलप आवाज करत पितो. पावना पाणी पिईस्तोवर घरात कोणी चहाला हात लावत नाही, तो प्यायला की मग घर बोलायला लागतं.

राहिली भाजीवाली. नातवाला म्हटलं, बस तिच्या जागेवर. त्याला लाज, समोर त्याचंच दुकान, गिऱ्हाईक हसतील. मग मीच गेले. मला काटा वाचता येत नाही, तो आकड्यांचा लाल दिव्याचा आहे, म्हणून मी जुना तराजू काढायला लावला. मापं हाताला कळतात. भाजीवाली पाठीशी बसून दिवसभर मला रागावते. "अय्यो अम्मा, वांगी असे उलटे नको ठेवू!" "अम्मा, कोथिंबीर फुकट नको देऊ सगळ्यांना!" एका बाईनं विचारलं, ही म्हातारी कोण? तर म्हणाली, "हिच्या कुत्र्यानं मला चावलं, आता ही मला चावून राह्यली." नातू सकाळी टोपल्या गाडीवर घालून आणून देतो, तोंडाला रुमाल बांधून, धुळीचं निमित्त करून. सगळा बाजार त्याला चालण्यावरून ओळखतो. मी त्याला सांगितलेलं नाही.

काल डॉक्टरनं पावन्याला पुन्हा पाहिलं. नजरेसमोर ठेवायचे दिवस सरले, कुत्रा धड आहे, पिसाळलेला नाही. त्याच्या राहिलेल्या सुया आता सुरू होतील. भाजीवालीनं ऐकलं आणि तिथेच टोमॅटोच्या टोपलीवर डोकं टेकून रडली. इतके दिवस एकदाही रडली नव्हती, मला रागावतच होती. तेव्हा मला समजलं, ती का एवढी रागवायची.

तिची पट्टी सुटली आहे. बोटं हलतात. दोन-चार दिवसांत ती स्वतः तोलायला लागेल आणि मी पुन्हा घरी बसेन, लसूण सोलायला. सून विचारते आहे, हे पत्र कुठे टाकायचं. कुठे टाकणार? राहू दे तांदळाच्या डब्यात. पण माय, एक तुझ्याजवळ बोलते. सूनबाई, हेही लिही, गाळू नकोस. तिचा हात बरा झाला याचा मला आनंद आहे, आणि थोडं वाईटही वाटून राह्यलं. बाजारात बसून मी किती वर्षांनी कोणाशी भांडले गं, माय.

बरं सूनबाई, झालं. कागद ठेव आणि ऐक. उद्याचा डबा आम्हा दोघींचा पाठव: जवारीच्या भाकरी, कैरीचा तक्कू, आणि ताक घट्ट झाकणाच्या बाटलीत. वांग्याची भाजी बिलकूल पाठवू नको.