डोळ्यांची फेरतपासणी

आप्पा, परवा मी तहसीलला गेले होते. ज्या व्हरांड्यात तुम्ही सगळी नोकरी शिपाई म्हणून उभं राहून काढली, त्याच्यासमोर मंडप टाकला होता आणि आम्हा सगळ्या अपंगांना फेरतपासणीला बोलावलं होतं. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आताही लिहीत नाही, मोबाइलसमोर बोलते आहे आणि तो उतरवून घेतो आहे. मग तो मला परत वाचून दाखवतो आणि एका परक्या बाईच्या आवाजात तुम्हाला 'आप्पा' म्हणतो. ऐकून अंगावर काटा येतो, तरी बोलते. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही.

दिवाळीच्या आधीपासून उमरग्यात एकच विषय होता. निराधारचा पगार, म्हणजे सरकारचे महिन्याचे पैसे, कमी करायलेत, निम्म्या अपंगांची नावं काढायलेत. कुणी म्हणे नवा नियम आलाय, कुणी म्हणे यायचाय. ज्यांना थोडं चालता येतं, थोडं ऐकू येतं, थोडं दिसतं, त्यांचं बंद होणार. 'थोडं' या शब्दाला लोक इतके भ्यायले की तो कुणी मोठ्यानं बोलेना. शेजारची मावशी, जिचा उजवा हात मळणी यंत्रात कोपरापासून गेला, ती एकटीच काय ती बोलायची. मी कडक भाकऱ्या थापून दुकानाला देते, थापत असते तेव्हा ती रोज येऊन बसते. म्हणाली, "परत तपासनार म्हनं. काय तपासनार? माझा हात उगवून आलाय का ते बगनार का?" मी हसले, पण थापताना माझी भाकरी फाटली. भाकऱ्यांवर पोट चालतं, आप्पा. खोलीचं भाडं आणि डोळ्यातलं औषध त्या पगारावर चालतं.

मग हायवेवर मोर्चा झाला. माकणीकडून, अणदूरकडून माणसं आली. तीन चाकी सायकली रस्त्यावर आडव्या लावल्या, हैदराबादकडं जाणारे ट्रक खोळंबले. मी मावशीच्या खांद्याला धरून उभी होते. एक पांगळा माणूस माइकवर ओरडत होता, "आमी चोर हाव का? आमच्या पायाचा पंचनामा करा!" तहसीलचे साहेब आले, निवेदन घेतलं, म्हणाले, खऱ्याला भ्यायचं काय कारण, फक्त खोटे लाभार्थी शोधायचेत.  त्या 'खोटे' शब्दानं मला उस्मानाबादचा तो दिवस आठवला.

मी नऊ वर्षांची. गोवर येऊन दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. तुम्ही रजा काढून मला एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंत, अपंगाच्या दाखल्यासाठी. डॉक्टरांनी माझ्या नाकासमोर काहीतरी धरलं आणि विचारलं, काय आहे? शाळा सुटून वर्ष झालं होतं माझी. कुणीतरी प्रश्न विचारतंय याचाच मला आनंद. डोळे बारीक करून मी ओरडले, "पेन! हिरवं पेन!" डॉक्टर हसले. "दिसतंय की हिला." दाखला मिळाला नाही.  स्टँडवर बाकावर बसल्यावर तुम्ही म्हणालात, "तुला शाळंतली परीक्षा वाटली व्हय? इथं नापास व्हायचं असतंय." तुम्ही मारलं असतंत तर बरं झालं असतं. परत गेलो तेव्हा पेनकडं बघून मी म्हणाले, काहीच दिसत नाही. दाखला झाला. येताना तुम्ही मला काचेच्या बांगड्या घेतल्यात, डझनभर. रंग कोणता ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. पिवळ्या होत्या.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच नसेल. गावासमोर मी ठार आंधळी झाले ते ठीक, पण हळूहळू तुम्हीही विसरलात. घरात तुम्ही माझा हात धरून ताटातल्या भाजीवर टेकवायचात. माझ्यासमोर बसून रडायचात, आवाज न करता, खांदे हलायचे. तुम्हाला वाटायचं हिला काय दिसतंय. मला आकार दिसत होते, आप्पा. रंग पुढं गेले, तोंडं त्याआधीच गेली होती, पण आकार राहिले. आजही आहेत. पाण्याखालून वर बघावं तशी माणसं दिसतात, काळी, कडा विरघळलेली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तर परवा. ऊन रखरखीत होतं. मंडपात पाचसहाशे माणसं असतील, पण मोर्चात ओरडणारी ही तीच माणसं का, असं वाटावं इतकी शांतता. मावशी रांगेचा नंबर लावायला गेली आणि मला भिंतीच्या कडेला बसवून गेली. तिथं आडोसा होता. थोड्या वेळानं एक आकार माझ्यासमोर आला. नीट चालत आला. मग थांबला, परत मागं गेला, आणि पाय ओढत आला. परत गेला, जास्त ओढत आला. मग एक बाई आली, काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन बघू लागली, कमरेत अजून वाकून बघू लागली. मी आंधळी, म्हणून माझ्यासमोर त्यांना लाज नव्हती. एकामागून एक येत होती. ती माणसं खोटी नव्हती. त्या माणसाचा पाय खरंच अधू होता, पावलांच्या आवाजावरून मला कळत होतं. पण 'थोडा' अधू होता. भर दुपारी सावल्या माझ्यासमोर येऊन आपलं दुखणं वाढवून घेत होत्या, आणि मीही बसल्या बसल्या बुबुळं वर फिरवून बघत होते.

तेव्हा मला व्हरांड्यात एक आकार दिसला. तिसऱ्या खांबापाशी, तुम्ही पुकारा द्यायला उभे राहायचात तिथं. उंच, डोक्यावर टोपी, डावा खांदा खाली उतरलेला. बाकी सगळे आकार हलत होते, तो हलत नव्हता. शिपाई असेल म्हटलं. पण शिपाई आता टोपी घालत नाहीत, आणि पुकारा आता लाउडस्पीकर देतो. मावशी परत आली. तिला विचारायचं तोंडावर आलं, मावशी, तिथं खांबाजवळ कोण उभंय? पण कसं विचारणार? भोवती माणसं होती. आंधळ्या बाईला खांबाजवळचं कसं दिसलं?  लाउडस्पीकरवर नावं येत होती. माझं नाव आलं, आणि माझ्या नावात मधे तुमचं नाव असतं ना, ते सगळ्या मंडपावरून गेलं. त्या आकारानं हात उचलून तोंडाशी धरला, पुकारा देताना धरतात तसा.

आत गेले. मावशीला दाराबाहेर थांबवलं होतं. खोलीत पंखा होता तरी माझ्या मानेवर वारा लागत नव्हता. डॉक्टर तरुण होता, आवाजावरून दमलेला वाटला, पण बोलला मऊ. "ताई, घाबरू नका. जे दिसतं ते सांगा, नाही ते नाही म्हणा." मला इतक्या प्रेमानं कुणी खरं बोल म्हणालं नव्हतं. ओरडून विचारलं असतं तर खोटं बोलून गेले असते. मी म्हणाले, "साहेब, मला सावल्या दिसतात. तोंड ओळखू येत नाही, पण माणूस आहे का नाही एवढं कळतं."   तो म्हणाला, "बरं. मग सांगा, तुमच्यासमोर किती माणसं आहेत?"

मी नीट बघितलं. टेबलामागं एक बसलेला होता. त्याच्या मागं भिंतीला लागून एक उभा होता, टोपी घातलेला, डावा खांदा खाली.

"दोन," मी म्हणाले. "एक बसलेत, एक उभे आहेत."

 डॉक्टरची खुर्ची सरकली. मागं वळून बघितलं असणार. मग त्यानं माझ्या डोळ्यांत बॅटरी टाकली आणि सगळं पांढरं झालं. "खोलीत मी एकटाच आहे, ताई," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला दिसल्यासारखं वाटतं. होतं असं." आणि पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. मी बाहेर आल्यावर मावशीनं कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि माझा दंड दाबला. "पूर्न आंधळी लिवलंय. तुझं काय जात न्हाय आता." तिला मी काय सांगणार? पाय ओढण्याचा सराव करणाऱ्या त्या माणसाचं मात्र गेलं म्हणे. तो मंडपातच खाली बसून राहिला. लोकांचा पुन्हा आरडाओरडा झाला, कुणी खुर्च्या फेकल्या, साहेबांनी सांगितलं की वरून आदेश येईपर्यंत कुणाचंच काही बंद होणार नाही. लेखी कुणी दिलं नाही.

तेव्हापासून मी विचार करते. त्या हिरव्या पेनानंतर पहिल्यांदा खरं बोलले आणि तेच खोटं ठरलं. बाकीचे आकारही तसेच असतील का? रोज दारावरून जाणारी माणसं, कठड्यावरचं मांजर, ही सगळी आहेत ना? आता हात लावल्याशिवाय मी कशालाही आहे म्हणत नाही. काल मावशी दारात येऊन उभी राहिली तर मी आधी तिची रिकामी बाही चाचपली. ती म्हणाली, "काय गं, काय झालंय तुला?"

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, आणि पाठवता येत असतं तरी पाठवलं नसतं. कारण एक गोष्ट राहिली आहे. तुम्हाला अंगणात निजवलं होतं त्या दिवशी बायका म्हणाल्या, पोरीला कशाला पुढं आणता, तिला काय दिसणार हाय, नेऊन बसवा आत. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी मला जवळ नेलं असतं. तुमचा आकार तरी मला दिसला असता, आडवा, न हलणारा. मी बोलले नाही. आप्पा, मला बघायचं नव्हतं. आंधळी म्हणून मी गुमान आत जाऊन बसले.