ताबीशची ओळ

४ एप्रिल
दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्यांनो, ही वही तुमच्यासाठी. आयुष्यभर वाजवतो आपण आणि लोक ऐकतात पहिल्याला. वरातीचे फोटो निघतात, त्यात आपली अर्धी टोपी येते. आता बास.

वैरागहून आज सोलापुरात आलो, राजेसाबभाईंच्या बँडपार्टीत. त्यांनी चहा पाजला, लाल कोट दिला. बाह्या आखूड निघाल्या, तर म्हणाले, वाजवायला बोटं लागत्यात की, बाह्या कशाला. तालमीच्या खोलीत लॅपटॉप आहे. त्यातल्या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वादकाची वेगळी ओळ, समोर त्याचं नाव आणि स्पीकरचं चिन्ह. चिन्ह दाबलं की ती ओळ गप्प. अवघड जागा निवडायची, गती निम्मी करायची आणि बोटं वळेपर्यंत वाजवायची. मी उत्साहानं खाली नवी ओळ उघडली : यशपाल, क्लॅरिनेट दोन.

७ एप्रिल
पहिल्या क्लॅरिनेटवर ताबीश. वरातीच्या चालीत एक चढती तान आहे, सोळा सुरांची, एका श्वासातली. तो ती टोपी तिरकी करून, नवरदेवाच्या घोड्याला डोळा मारत वाजवतो. त्याला सराव करताना कुणी पाहिलेलं नाही. मी निम्म्या गतीलाही अडखळतो. त्यानं विचारलं, ‘क्या रे यशपाल, उंगलियां बैलगाडी में बैठके आतीं क्या?’ सगळे हसले. मीही हसलो.

जन्मानं कुणी पहिला नसतो, हे मी कितीतरी सभांत ठणकावून सांगितलंय. मग हा कोण?

१५ एप्रिल
गती ऐंशी टक्के. दुपारभर पत्र्याखाली तीच तान. लॅपटॉपवर त्याची ओळ माझ्यासोबत वाजते आणि माझी प्रत्येक चूक उघडी पाडते. आज त्याची ओळ गप्प केली. तान पहिल्यांदाच सलग आली.

१६ एप्रिल
संध्याकाळच्या वरातीत ताबीशच्या क्लॅरिनेटमधून नुसती हवा आली. त्यानं फुंकायच्या टोकाची पत्ती बदलली, मग दुसऱ्याचं वाद्य मागून घेतलं. हवाच. राजेसाबभाईंनी मला पुढे ढकललं. तान मी वाजवली. नवरदेवाच्या आत्या नाचल्या.

१८ एप्रिल
मनात आलं ते लिहायला लाज वाटते. तरी खात्री करायची म्हणून त्याची ओळ पुन्हा चालू केली. तासाभरात ताबीश अंगणात वाजवत होता आणि रस्त्यावरचे रिक्षावाले इंजिन बंद करून ऐकत होते. माझ्यासाठी कुणी इंजिन बंद केलं नव्हतं.

परत दाबलं. या वेळी जाणूनबुजून.

२४ एप्रिल
आता त्याचं बोलणंही गेलंय. ओठ हलतात. त्याच्या चपला वाजत नाहीत. त्याची आई, जमीलाचाची, दारात येऊन त्याला हाका मारत होती. तो तिच्या शेजारीच उभा होता.

चालू करावं का? उद्या मोठी वरात आहे. उद्यानंतर करीन.

२ मे
केलं नाही.

होटगीहून सिद्धनाथ आलाय, दुसऱ्या क्लॅरिनेटसाठी. म्हणाला, दादा, तुमची तान लई भारी हाय. म्हणताना हसला नाही. दुपारभर लॅपटॉपसमोर बसून होता.

५ मे
सिद्धनाथची गती ऐंशी —

६ मे
फुंकलं. हवा.

७ मे
राजेसाबभाईंना हाक मारली. वळले नाहीत. त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो — माझ्यातून भिंतीकडे पाहत होते. लॅपटॉपची बटणं माझ्या बोटांनी दबत नाहीत. बाकावर शेजारी ताबीश. त्याला मी दिसतो. टोपी अजून तिरकीच —

८ मे
ही वही तेवढी अजून माझं ऐकते. ज्याच्या हाती पडेल त्यानं तालमीच्या खोलीत जावं. लॅपटॉप उघडावा. ताबीशच्या नावासमोरचं चिन्ह दाबावं — तो वाजवेल. रिक्षा थांबतील —

नाही. त्याचं नको. खालचं दाबा. यशपाल. आधी माझं, आधी मा