उंबऱ्यावर बसून मूकपट

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार, २० मार्च १९७९

प्रिय मल्लू,

हे पत्र कामावर उघडू नकोस. खोलीवर जा, दाराला आतून कडी लाव आणि मग वाच. आणि लेका, शेवटाकडं उडी मारायची नाही. गोष्टीचं पुस्तक मागनं वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. हे ओळीनं वाच. माझा आवाज बसलाय तो बसलेलाच आहे. तुझ्या त्या बाटलीतल्या औषधानं जीभ तेवढी काळी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला एकट्याला आत घेतलं, मला आणि तुझ्या अव्वाला बाहेर बाकावर बसवलं, आणि तू बाहेर येऊन सांगितलंस की काही नाही, घशाला सूज आहे, गुळण्या करा. त्याला दीड महिना होत आला. गुळण्या करून करून घरातलं मीठ संपलं. आज त्यावरच बोलायचं आहे. पण आधी टीव्हीचं ऐक, कारण टीव्हीवाचून ते सांगताच येत नाही.

टीव्ही आला त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. नवा रेडिओ घे म्हणून मी किती वर्षं तुझ्यामागं लागलो होतो, तुझं आपलं बघू, करू. आणि दवाखाना झाल्यावर पंधरवड्याच्या आत, न मागता, टीव्ही! मी तुझ्या अव्वाला म्हणालोसुद्धा, पोरगं एवढं सढळ कधीपासनं झालं गं? ती पदरानं ते खोकं पुसत राहिली. मग शेजारच्या कल्लप्पानं गच्चीवर हा उंच लोखंडी पाइप उभा केला आणि त्यावरची काठ्यांची जाळी गुलबर्ग्याच्या टीव्ही केंद्राकडं फिरवत बसला. तो वरनं ओरडणार, आलं का? खालनं अख्खा बोळ ओरडणार, आलं, आलं, अरं गेलं की! चित्रात मुंग्याच मुंग्या, आणि आवाज म्हणशील तर भट्टीत लाह्या फुटाव्यात तसा. त्यामुळं बातम्या आणि शेतीचा कानडी कार्यक्रम कुणी धड बघत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी जुने मूकपट दाखवतात. त्याला आवाज हवाय कशाला? त्या दिवशी आपल्या घरात पाय ठेवायला जागा नसते.

हे असले मूकपट मी पोरवयात तंबूत बघितलेत. माझे अप्पा खांद्यावर बसवून न्यायचे. पडद्याशेजारी पेटी आणि तबला, आणि एक माणूस पडद्यावरच्या पाट्या खणखणीत वाचून दाखवायचा. पाटीवर लिहिलंय तेच राजा बोलतोय, असं मी धरून चाललो होतो. आता बघतो तर काय! अरे, मी पस्तीस वर्षं गिरणीच्या साचे खात्यात काढलेला माणूस. तिथं मागांचा असला खडखडाट की शेजाऱ्याच्या कानात बोंबललं तरी ऐकू जात नाही, सगळा कारभार नुसत्या ओठांवर. मराठी असो, कानडी असो, तेलुगू असो, चार माग पलीकडचा गडी काय म्हणतोय ते त्याचं तोंड बघून कळायचं. मग ह्या नटांची तोंडं मला वाचता येणार नाहीत व्हय? पाटीवर येतं, देवी, तुझ्याविना हे राज्य ओस आहे. आणि खरं तर राजा म्हणत असतो, च्या कुटं हाय रं, सकाळधरनं घसा वाळलाय. राणी डोळ्यांत पाणी आणून म्हणते, ह्या उन्हानं डोळं लई जळाय लागलं. मी हे सगळ्यांना सांगतो, घोगऱ्या का होईना आवाजात, आणि माणसं हसून हसून लोळतात. आता पाटी आली की पाटी कुणी वाचत नाही, सगळे माझ्याकडं बघतात. गिरणीतनं रिटायर होताना गळ्यात हार पडला तेव्हासुद्धा एवढा मान मिळाला नव्हता, मल्लू.

एव्हाना तुझ्या डोक्यात उजेड पडला असेल. दवाखान्यातल्या त्या खोलीला काचेचं दार आहे. डॉक्टरांचं तोंड आमच्याकडं होतं. भला माणूस, सावकाश बोलतो, शब्द न् शब्द सुटा. गाठ आहे म्हणाले. घशातली आवाजाची पेटी काढून टाकली तर माणूस जगेल, पण आवाज कायमचा जाईल. नाही काढली तर वर्ष निघणं कठीण. घरच्यांनी मिळून ठरवा म्हणाले, पण फार दिवस लावू नका. आणि तू? तुझी पाठ माझ्याकडं होती. मान तेवढी जराशी हलली. तू हो म्हणालास का नको म्हणालास, ते मला आजतागायत ठाऊक नाही. बाहेर आलास तो हसतच.

मला राग आला नाही असं समजू नकोस. लई आला. घसा माझा, आणि ठरवणार हा शहाणा! टीव्हीच्या खोक्यावर तुझं अक्षर दिसलं की लाथ घालावीशी वाटायची. पण तुला जाब विचारायचा धीर झाला नाही, कारण मनातनं मीच ठरवून टाकलं होतं की नको. आठ तास खात्यात मुकं राहायचं, म्हणून भोंगा होऊन बाहेर पडलो की माझी टकळी सुरू, ती झोप लागेपर्यंत. सिद्धेश्वराच्या देवळातलं भजन, भाजीवाल्याशी घासाघीस, तुझ्या अव्वाशी रोजचं भांडण, ह्यावर तर मी जगलो. तिनं आतनं विचारायचं, भाकरी वाढू का, आणि मी काय ताट वाजवायचं? त्या बाईनं जन्मभर एका मुक्याशी संसार करायचा? त्यापेक्षा बोलता बोलता गेलेलं बरं. आणि हे तिला कळू द्यायचं नाही, असा माझा बेत. ती दाण्याची चटणी कुटायला बसली की मी मुद्दाम गप्पा मारायचो, आणि न्हाणीत जाऊन घसा चाचपायचो. गाठ हाताला लागत नाही. भीती मात्र लागते रे.

गेल्या शुक्रवारी घर असंच भरलं होतं. पडद्यावर राजा मरायला टेकलेला, भोवतीनं सगळे रडतायत, वैद्यबुवा नाडी धरून बसलेत. पाटी आली, आता सारे परमेश्वराच्या हाती. वैद्य खरं काय बोलला ते मी वाचलं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. घोगरा नाही, बारीक नाही, काही म्हणजे काही नाही. सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत. कल्लप्पा म्हणतोय, काका, सांगा की. मी नुसते ओठ हलवतोय, अंगाला दरदरून घाम. वाटलं, संपलं, आवाज आजच गेला. तेवढ्यात तुझी अव्वा मोठ्यानं म्हणाली, वैद्य म्हणतोय, आटपा लौकर, माजी दाढी सुटाय लागली! सगळं घर खदखदलं. मी नाही हसलो. तुझी अव्वा नेहमी सैपाकघराच्या उंबऱ्यावर शेंगा फोडत बसते, टीव्हीच्या बाजूला. तिथनं तिला पडदा दिसत नाही. आम्हीच दिसतो.

माणसं गेली, मी दार लावलं. आवाज अजून आला नव्हता. ओठांनीच विचारलं, तुला हे येतं? तीसुद्धा ओठांनीच बोलली. म्हणाली, मल्लू व्हायच्या आदी मी बी गिरणीत कांडी खात्यात हुते, इसरला व्हय? आमी बायका तितं नुसती गाणी म्हणत हुतो असं वाटलं तुमाला? मग तिनं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, त्या दिवशी बाकावर तुमच्या शेजारीच बसले हुते की मी. दीड महिना आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासनं लपवत होतो, बघ. ती रडली, मी रडलो, आवाज कुणाचाच नाही. मग आम्ही भांडलो. मी म्हणालो नको, ती म्हणाली काढायचं म्हणजे काढायचं. मला माणूस पायजे, म्हणाली, बडबड काय मी बी करीन. लई कडाक्याचं भांडण झालं आणि भिंतीपलीकडच्या कल्लप्पाला पत्ता नाही. भांडता भांडता माझ्या ध्यानात आलं की अरे, हे तर नेहमीसारखंच चाललंय. तिचा एक टोमणा हुकला नाही, माझा एक वाया गेला नाही.

काल आम्ही दोघं डॉक्टरांकडं गेलो आणि सांगून आलो, काढा. येत्या सोमवारी मिरजेला निघायचं, ह्या वेळचा पाडवा तिथंच. तू तेव्हा काय उत्तर दिलंस ते मी विचारणार नाही. नको म्हणाला असशील तर बापाची बडबड तुला हवी होती, असं मी धरतो. माझं काम वेगळं आहे. तुझ्या अव्वाला माझे ओठ कळतात. कल्लप्पा तर गिरणीतलाच, त्याला कळतात. तुला कळत नाहीत. तुला मीच कधी गिरणीच्या दाराशी फिरकू दिलं नाही, शीक म्हणालो, शिकलास. आता सोमवारनंतर मी मुका होणार तो एकट्या तुझ्यापुरता. म्हणून हे पत्र. गुरुवारी तुझ्या हातात पडेल, तशीच रात्रीची गाडी धर. शुक्रवारी मूकपट आहे. आवाज थोडा परत आलाय, सुतासारखा बारीक, पण शिकवण्यापुरता पुरेल. आधी ओठ हलवून दाखवीन, मग शब्द सांगीन. नंतर शिकवू म्हटलं तर सांगायला आवाज नसणार. मला भीती वाटते, मल्लू, पण तू असलास की कमी वाटेल. आलास की टीव्हीपुढं जागा धरू नकोस. अव्वाशेजारी उंबऱ्यावर बस, माझ्याकडं तोंड करून.

तुझाच,
अप्पा